तिसरं पाणी

आमच्या टेकडीवर पाऊस पडत नाही.
खाली लिमा शहर, शहरापुढे अख्खा समुद्र,
पण पाऊस नाही.
जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आभाळ
गाढवाच्या पोटासारखं करडं,
हात वर केला तर ओला होईल इतकं लोंबतं,
आणि तरी गळत नाही.

मागितल्याशिवाय देत नाही ते, सासूबाई म्हणतात.
म्हणून डोंगराच्या कण्यावर त्यांनी
दोन खांबांना काळी जाळी ताणून बांधली आहे.
धुकं येतं, अडखळतं,
धाग्याधाग्यावर त्याला घाम फुटतो,
आणि पन्हळीतून, नळीतून खाली
निळ्या पिंपात
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.

एर्मेलिंदा कोरिमान्या. वय सांगत नाहीत.
आयाकुचोहून पळून आल्या तेव्हा
पाठीवरच्या गाठोड्यात पोर होतं,
आणि पोराच्या लंगोटात गुंडाळलेले
सात जातींचे बटाटे.
एक जात इथं जगली नाही. तिचं नाव त्या अजून घेतात,
जेवायला बसताना, घरातल्या माणसाचं घ्यावं तसं.

मी बंदराकडची, नळाच्या घरातली.
लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं:
पहिलं पाणी तोंडाला,
दुसरं भांड्यांना,
तिसरं झाडांना.
चौथं नसतं.

आणि मी काय केलं?
फरशी पुसलेलं, ब्लीच घातलेलं पाणी
सरळ वाकातायच्या डब्यात ओतलं.
वाकाताय म्हणजे आमचा काळा पुदिना,
त्याच्याशिवाय त्यांच्या बटाट्याला चव नाही.
तीन दिवसांत झाड जळून गेलं.

बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी माती उपसली, पत्र्यावर पसरली,
आणि सात बादल्यांनी धुतली.
सात बादल्या, म्हणजे आठवड्याचं धुकं.
त्या आठवड्यात त्यांनी केस धुतले नाहीत.
मी रोज त्यांच्या वेणीकडे बघत जेवले.

पुढे शिकले हळूहळू.
अंड्याची टरफलं कुटायची, फेकायची नाहीत.
गिनीपिगच्या लेंड्या महिनाभर झाकून ठेवायच्या,
वास गेला की समजायचं, माती झाली.
ट्रकच्या टायरात कांद्याची पात येते,
तेलाच्या डब्यात मिरची,
आणि नवऱ्याच्या फुटक्या हेल्मेटमध्ये, का कोण जाणे,
ओरेगानो सगळ्यात चांगला.

या मार्चमध्ये नळ आला.
पिवळ्या टोपीचा इंजिनिअर, फीत, बँडबाजा.
आमचा वाल्दिर नळ सोडून नुसता हसत उभा राहिला,
पाणी पायांवरून उतारावर पळत गेलं.
सासूबाईंनी त्याला रागावलं नाही,
बादली आणून खाली सरकवली.
रात्री म्हणाल्या, नळावर राग नाही माझा.
पण त्याला अजून आपलं घर माहीत नाही.

ऑगस्टात वाऱ्यानं जाळी फाटली.
नवरा म्हणाला, राहू दे आता, कशाला हवी?
त्या काहीच बोलल्या नाहीत. गुडघे धरून बसल्या.
त्यांच्यानं तो चढ आता होत नाही,
हे घरात अजून कोणी उच्चारलेलं नाही.

मी सुतळी घेतली, दाभण घेतला,
कांद्याचं रिकामं पोतं घेतलं ठिगळाला.
वर धुकं एवढं, की स्वतःचा हात पोस्टानं यावा तसा
उशिरा दिसत होता.
दुपारपर्यंत शिवत बसले. वेडंवाकडं शिवलं.
एक बोट टोचलं, त्याची चव मिठासारखी लागली.

उतरले तर निथळत होते.
दारात त्यांनी मला अडवलं.
टॉवेल नाही, चहा नाही.
मानेला हात घालून वाकवलं
वाकातायच्या डब्यावर,
आणि माझे केस पिळले,
दोन्ही हातांनी, घट्ट,
शेवटच्या थेंबापर्यंत.